वायर असलेले पिस्तूल

मी एक जुना हेअर ड्रायर आहे, मित्रांनो. सरकारी कागदांत मात्र मी शस्त्र आहे. ही पदवी मी मागितली नव्हती. केस वाळवण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि खरे सांगायचे तर आताशा तेही धड येत नाही. तरीही एका भर दुपारी, भर रस्त्यात, माझ्यामुळे एका माणसावर गोळी झाडली गेली. म्हणजे लोक तसे म्हणतात. माझ्यामुळे की आणखी कशामुळे, हे तुम्ही सगळे ऐका आणि ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. घडवणाऱ्यांनी मला पुढे नळी दिली, मागे पंखा दिला, धरायला मूठ दिली आणि बोटाखाली खटका दिला. असे का, तर हाताला बरे पडते म्हणून. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. माझी भावंडे गुलाबी निघत होती. माझी पाळी आली आणि नेमका गुलाबी रंग संपला. मुकादम म्हणाला, "काळा घाला." मी काळा झालो. मला त्याचे काहीच वाटले नाही. काळ्यावर मळ दिसत नाही, असे उलट सगळे कौतुकच करत होते. तपासणीला बसलेल्या मुलीने मला चालू करून स्वतःच्या तोंडावर वारा घेतला, सुखाने डोळे मिटले आणि मला खोक्यात घातले. एवढ्या प्रेमाने पास झालेला मी बहुधा त्या दिवसातला एकटाच.

मला घरी आणले मामींनी. मामी म्हणजे सलूनवाल्या मामी आणि त्यांचे यजमान म्हणजे सलूनवाले मामा. मामांना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे सख्खा भाचाही नव्हता. पण अख्खा रस्ता त्यांना मामाच म्हणे. पोलिसालाही लोक गमतीने मामा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका शब्दात एक न्हावी आणि सगळे पोलीस खाते, असे वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत होते. पुढे याच शब्दाने काय चमत्कार केला ते सांगतो.

सलून लहान होते. मधोमध पडदा. पडद्याच्या अलीकडे मामा पुरुषांचे केस कापत, पलीकडे मामी बायकांचे. मी मधल्या खुंटीवर लटकत असे आणि दोन्ही बाजूंना हजेरी लावत असे. दोन खुर्च्यांपैकी एक खुर्ची, गिऱ्हाईक बसले की, हळूहळू खाली जाई. दाढी सुरू होताना आरशात पूर्ण चेहरा दिसे, दाढी संपेपर्यंत नुसता भांग उरे. मामा ती खुर्ची दुरुस्त करत नसत. म्हणत, "एवढ्यात कशाला? अजून जमिनीला कुठं लागली?"

मामा बोलघेवडे होते. "बाजूचे केस किती ठेवू?" हे विचारायचे, तर ते आपल्या आजोबांच्या केसांपासून सुरुवात करत. आणि तितकेच भित्रे. रस्त्यात फुगा फुटला तरी मामा खुर्चीमागे. पाल दिसली तर गिऱ्हाईक तसेच साबण लावलेले सोडून बाहेर. मामी मोजके बोलत, पण त्यांचे बोलणे कानाला चिमटा काढून जाई. माझ्याबाबत त्यांचा एकच कायदा होता. "हा खाली पडता कामा नये. हा पडला तर त्याच्या आधी तुम्ही पडाल," असे त्या मामांना बजावत. मामा मला दोन्ही हातांनी उचलत, जसे तान्हे मूल उचलावे तसे.

ती वर्षे सोन्याची होती, मित्रांनो. मी नुसते केस वाळवले नाहीत. परीक्षेला निघालेल्या मुलीचे भिजलेले बूट वाळवले. पावसात भिजलेली लग्नपत्रिकांची चळत वाळवली. रस्त्यापलीकडच्या नाटकमंडळींच्या खोट्या मिशा डिंकाने लावून झाल्या की त्या घट्ट बसाव्यात म्हणून मंडळी माझ्यासमोर ओळीने उभी राहत. एका बाळाच्या डोक्यावर एकही केस नव्हता, पण त्याला माझा वारा इतका आवडे की त्याची आई त्याला रोज घेऊन येई. सगळे म्हणत, "मामांचा ड्रायर मोठा हातगुणाचा आहे हो!" मी मनातल्या मनात आणखी गरम होई.

मग एके दिवशी माझ्या पोटातून जळका वास येऊ लागला. पडद्यापलीकडे एक बाई ओले केस घेऊन बसल्या होत्या. मामी म्हणाल्या, "समोर वायरमनकडं जा. आणि बोलत बसू नका." सलूनसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे वायरमनचे दुकान. मामा काळा एप्रन घालूनच मला घेऊन निघाले.

वायरमनने माझे पोट उघडले आणि आतून केसांचा एक गोळा काढला. तो पाहून मामा दोन पावले मागे सरले. त्यांना तो उंदीर वाटला. एक स्क्रू पिळला, एक तार जोडली, मी पुन्हा घुमू लागलो. मामांना इतका आनंद झाला की माझी वायर गळ्यात हारासारखी टाकून ते रस्त्यावर आले. समोर सलूनच्या दारात मामी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मामांनी मला उंच धरले, माझे नाक मामींकडे रोखले आणि ओरडले, "झाला गं, झाला!" रस्त्यात प्लग नव्हता म्हणून माझा आवाज त्यांनी स्वतःच तोंडाने काढला. "घुर्रर्र!"

आता याच वेळी, मागच्या रस्त्यावरच्या सोनाराच्या दुकानात एका चोराने पिस्तूल दाखवून दागिने लुटले होते. फोनवरून पोलिसांना एवढेच कळले होते की माणूस, काळे कपडे, काळे पिस्तूल. पोलिसांची गाडी आमच्या रस्त्यावर वळली. गाडीतून जाड मिशांचे फौजदारसाहेब उतरले आणि त्यांच्यामागे एक कोवळा शिपाई. त्याच्या गणवेशाच्या घड्यासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या. त्यांना काय दिसले? काळे कपडे घातलेला माणूस, हातात काळी नळी, आणि नळीसमोर एक बाई.

"हात वर!" फौजदारसाहेब ओरडले.

मामांनी ताबडतोब हात वर केले. मी हातातच होतो, त्यामुळे मीही वर गेलो.

"टाक ते खाली!" शिपाई ओरडला. त्याने पिस्तूल मामांवर रोखले होते.

"जागचा हलू नको!" साहेब पुन्हा ओरडले.

मामा घाबरून पांढरेफटक पडले. पण घाबरले तरी बोलायचे थांबतील ते मामा कसले? "साहेब, एकेक सांगा हो," ते म्हणाले. "हात वर ठेवून खाली कसं टाकू? आणि टाकलं तर हललो म्हणाल. आधी कुठलं करू? आणि हे तसलं काही नाही, हा आमचा..."

"टाक म्हणतो ना!"

मामांनी माझ्याकडे पाहिले. रस्त्याच्या दगडांकडे पाहिले. समोर मामींकडे पाहिले. मला टाकायचे त्यांच्या हाताला जमेना. मी नुकताच बरा झालो होतो ना! म्हणून ते हळूहळू वाकले. मला दगडावर अलगद ठेवावे, एवढेच त्यांच्या मनात होते.

शिपायाला दिसले ते इतकेच की माणूस हलला. गोळी सुटली.

इथे हसू थांबते, मित्रांनो. गोळी मामांच्या उजव्या खांद्यातून आत गेली. मामा कुशीवर पडले. त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच गप्प पाहिले. पडताना मात्र त्यांनी मला डाव्या हाताने छातीशी धरले होते. मला जमिनीचा स्पर्शही झाला नाही.

मामी धावत आल्या.

"बाई, मागे व्हा! त्याच्याजवळ हत्यार आहे!" साहेब ओरडले.

"मागे तुम्ही व्हा!" मामींचा आवाज रस्त्याच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला. "डोळे आहेत का खमिसाची बटणं? ड्रायर आहे तो, ड्रायर! त्यांच्या गळ्यात वायर दिसत नाही? कुठल्या पिस्तुलाला वायर असते?"

कोवळा शिपाई जागीच उभा राहिला. त्याने वायर पाहिली, वायरीच्या टोकाचा प्लग पाहिला, आणि कुणालाच उद्देशून नाही असे म्हणाला, "वायर आहे." मग गाडीच्या चाकाला टेकून तो खालीच बसला.

वायरमनने फोन लावला. तो फोन त्याने नंतर आयुष्यभर शंभर जणांना सांगितला, म्हणून मला तो पाठ आहे.

"लवकर या! मामांना गोळी लागलीय!"

"काय? मामांना? कुठल्या चौकीचे मामा?"

"चौकातले हो! आमच्या चौकातले मामा! रक्त थांबत नाहीये!"

फोन घेणाऱ्याने 'चौकातले' ऐकले नाही, 'चौकीतले' ऐकले. आपला माणूस पडला म्हटल्यावर सगळे खाते हलले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तीन गाड्या आणि एक रुग्णवाहिका रस्त्यात शिरल्या. पुढे दोन मोटारसायकली रस्ता मोकळा करत होत्या. मामांना अशा थाटात नेले की लोकांना वाटले कुणी मंत्री आजारी पडला.

दवाखान्यातले मी पाहिलेले नाही. मला तिथेच जप्त केले होते. पण मामींनी ते इतक्यांदा सांगितले आहे की पाहिल्यासारखेच झाले आहे. शहरातल्या सगळ्यात मोठ्या सर्जनला जेवणाच्या ताटावरून उठवून आणले. रक्त हवे म्हटल्यावर गणवेशातल्या पोलिसांची रांग लागली. "आपल्या मामांसाठी" म्हणत प्रत्येकाने बाही वर केली. मामींना वाटले, केलेल्याचा पश्चात्ताप झाला असावा. मोठे साहेब हातात भला थोरला पुष्पगुच्छ घेऊन आले आणि त्यांनी मामींना विचारले, "यांचा बिल्ला नंबर काय?"

"बिल्ला कसला?" मामी म्हणाल्या. "न्हावी आहेत ते."

मोठ्या साहेबांनी मागे वळून पाहिले. मागच्याने त्याच्या मागच्याकडे पाहिले. शेवटी सगळ्यांनी मिळून जिन्याकडे पाहिले. साहेब पुष्पगुच्छासकट मागे वळले.

"फुलं ठेवून जा," मामी म्हणाल्या. "गोळी आमच्याकडंच ठेवली ना? मग फुलंही ठेवा."

त्यांनी फुले ठेवली. पण तोवर मामांच्या अंगात पाच-सहा पोलिसांचे रक्त पोचले होते, आणि ते परत कसे मागणार? मामा वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर वाचते ना. ही गोष्ट मामी हसत हसत सांगत, आणि सांगून झाल्यावर त्यांचे हसू कुठेतरी जाई. "पोलीस समजले म्हणून वाचवलं," त्या म्हणत. "नुसता माणूस समजले असते तर?"

चोराचे काय झाले, विचाराल. तो संध्याकाळीच सापडला. त्याच्या अंगावर हिरवा सदरा होता, आणि पिस्तूल नव्हतेच. रुमालात गुंडाळलेला कंगवा होता. त्याला ओरखडासुद्धा न उठता गाडीत बसवले. चोराने कंगव्याला पिस्तूल म्हणून खपवले होते. पोलिसांनी माझे तसे केले. तो तुरुंगात गेला आणि मी मुद्देमालाच्या खोलीत.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले की पोलिसांनी एका सशस्त्र इसमाला रोखले. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली होती, 'पिस्तूलसदृश घातक वस्तू, काळी, वायरीसह'. माझ्या एका बाजूला गंजके सुरे होते, दुसऱ्या बाजूला चोरीच्या सायकलींचे टायर, आणि वरच्या फळीवर खरी पिस्तुले. त्यांच्या पंगतीला बसताना मला लाज वाटे. सलूनमधल्या वस्तऱ्याची मला आठवण येई. रोज माणसाच्या गळ्यावरून फिरणारा तो, पण त्याच्यावर कधी कुणाला संशय आला नाही!

त्या खोलीचा राखणदार एक टकला हवालदार होता. पावसाळ्यात त्याचे मोजे वाळत नसत. काही दिवस त्याने माझी चिठ्ठी वाचली, मोज्यांकडे पाहिले, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग दार लावून त्याने मला प्लगमध्ये घातले. पुढे रोजच. मोजे वाळवता वाळवता तो मला म्हणे, "घातक वस्तू म्हणे! घातक तर माझे मोजे आहेत." सरकारी पुराव्यावर मोजे वाळवणे गुन्हा असेल, पण मी गंजलो नाही तो त्याच्यामुळेच.

मामींनी प्रकरण सोडले नाही. मामा म्हणत, "जाऊ दे गं. जीव वाचला ना?" मामी म्हणत, "जीव वाचला. पण पेपरात तुम्ही अजून सशस्त्र आहात. पालीला घाबरणारा माणूस सशस्त्र?" चौकशी व्हायला उन्हाळे-पावसाळे गेले. शेवटी एकदा मला पिशवीत घालून न्यायालयात नेले.

न्यायाधीशबाई वयस्कर होत्या, चष्म्यावरून पाहत. सरकारी वकिलांच्या डोक्याला मधोमध टक्कल होते, आणि एका कानावरचे केस वाढवून ते त्यांनी दुसऱ्या कानापर्यंत नेले होते. मामींनी त्या केसांकडे धंद्याच्या नजरेने पाहिले आणि मान हलवली.

वकील म्हणाले, "ही वस्तू कोणत्याही सामान्य माणसाला पिस्तूलच वाटेल."

मामी म्हणाल्या, "वायर?"

"आजकाल तंत्रज्ञान फार पुढं गेलंय."

"म्हणजे चोरानं आधी दरोड्याच्या जागी प्लग शोधायचा?"

न्यायालय हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "ही वस्तू चालते का पाहू. वकीलसाहेब, तुम्हीच लावा."

वकिलांनी मला प्लगमध्ये घातले, कसे धरायचे हे न कळून स्वतःकडेच रोखले आणि खटका दाबला. हवालदाराने मला उत्तम तब्येतीत ठेवले होते. वकिलांचे ते लांब केस डब्याच्या झाकणासारखे उघडले आणि उभेच राहिले. माझ्या वाऱ्याबरोबर मोज्यांचा एक सौम्य दर्प सगळ्या न्यायालयात पसरला. मागच्या बाकावर टकला हवालदार छताकडे पाहू लागला.

हसू ओसरल्यावर मामांना बोलावले. कारकून नेहमीप्रमाणे म्हणाला, "उजवा हात वर करून शपथ घ्या."

मामांनी हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांनी डाव्या हाताने त्याला खालून आधार दिला, तरी तो वर जाईना. मामा ओशाळून म्हणाले, "बाईसाहेब, इथपर्यंतच येतो हो आता. चालेल का?"

कुणीच हसले नाही. ज्या हाताने मामा मला गिऱ्हाइकाच्या डोक्यावर धरत, कैची चालवत, तो हात आता तिथपर्यंतच येत होता. मला तोवर हे माहीत नव्हते. मी पुराव्याच्या टेबलावर पडलो होतो, आणि मला कुणीतरी बंद करावे असे वाटत होते. पण मी आधीच बंद होतो.

"चालेल," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मग त्यांनी कोवळ्या शिपायाला विचारले, "तुला नक्की काय दिसलं?" वकील मधे बोलू लागले, त्यांना त्यांनी हातानेच थांबवले.

शिपायाने आधी मामांच्या खांद्याकडे पाहिले. मग म्हणाला, "खरं सांगू? काही दिसलं नाही. पिस्तूल आहे असं सांगून आम्हाला पाठवलं होतं. मी पिस्तूलच शोधत होतो. ते सापडलं. माणसाकडं मी बघितलंच नाही."

"नंतर बघितलंस?"

"हो. ते हसत होते, बाईसाहेब. गोळीच्या आधी बायकोकडं बघून हसत होते. हे मला नंतर आठवलं. डोळ्यांनी पाहिलं होतं, पण तेव्हा पोचलंच नाही."

निकाल लागला. मामा निःशस्त्र होते, गोळी घालण्याचे काहीही कारण नव्हते, आणि 'सशस्त्र' हा शब्द खात्याने जाहीरपणे मागे घ्यावा. तो मागे घेतला गेला, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. शिपायाचे पिस्तूल काढून घेतले. फौजदारसाहेबांची बदली झाली. ती शिक्षा होती की बढती, हे त्यांना स्वतःलाही कळेना, कारण खुर्ची मोठी मिळाली पण टेबल मिळाले नाही. माझी चिठ्ठी मात्र कुणीच बदलली नाही. शस्त्राचा ड्रायर करण्याचे कलम म्हणे सापडत नव्हते. मी तसाच, शस्त्र म्हणून, घरी आलो.

मामा आता डाव्या हाताने केस कापायला शिकले. सुरुवातीला सगळ्या रस्त्याचे भांग तिरके झाले. लोकांनी तक्रार केली नाही. ज्याला त्याला समोरच्याचा भांग जास्त तिरका वाटे, तेवढ्यावर समाधान मानत.

न्यायाधीशबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. नव्या पोलिसांना शिकवताना मामा-मामींना बोलवावे. मामा म्हणाले, "मी नाही जाणार. तिथं सगळ्यांकडं पिस्तुलं असतात." मामी म्हणाल्या, "म्हणूनच जायचं." आणि मित्रांनो, या वयात मला नवी नोकरी लागली.

प्रशिक्षणाच्या त्या मोठ्या खोलीत माझा प्लग लावायला कोण होते, सांगू? तोच शिपाई. पिस्तुलाऐवजी आता त्याच्या हातात विजेचा बोर्ड होता. मामांना पाहून तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मला माफ करा."

मामांनी डावा हात खांद्यावर ठेवला. मग म्हणाले, "माझं काही नाही रे. पण खांद्याला विचारावं लागेल. तो रोज सकाळी वेगळंच सांगतो." थोडे थांबून ते म्हणाले, "तू विचारत राहा."

मामी मला घेऊन सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. नवे पोलीस हातात रिकामी पिस्तुले घेऊन ओळीने उभे होते. मामींनी मला रोखले. "टाका ते!" सगळे ओरडले.

"का टाकू? तुझ्या बापानं घेऊन दिलाय?"

पोरे गोंधळली. असे उत्तर त्यांच्या पुस्तकात नव्हते.

"बरं, माझ्या हातात काय आहे?" मामींनी विचारले.

"ड्रायर!" सगळे एका सुरात म्हणाले. काहींनी रंग सांगितला, काहींनी वायर सांगितली.

"हुशार आहात. आणि नाकाखाली काय आहे?"

सगळ्यांनी माना वर केल्या. मग पहिल्या ओळीतला एक जण खुदकन हसला, आणि हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आले. मामींनी ओठावर झुपकेदार खोटी मिशी लावली होती. आल्यापासून ती तिथेच होती.

"अर्धा तास मिशी लावून उभी आहे मी," मामी म्हणाल्या. "एकालाही दिसली नाही. सगळे हाताकडं बघताय. हात बघा, नको म्हणत नाही. पण हाताच्या वर तोंड असतं, ते आधी बघा. हसतंय का, घाबरलंय का, ओळखीचं आहे का. ते बघायला फार वेळ लागत नाही."

मग मामांना समोर उभे केले. मी त्यांच्या डाव्या हातात घुमत होतो. ओळीतल्या एका पोराने विजेसारखे पिस्तूल उपसले आणि खटका दाबला. नुसता टक् असा आवाज झाला. मामा टेबलाखाली. सगळे पोट धरून हसले. शिकवणारे साहेब म्हणाले, "शाब्बास! काय चपळ आहे!"

मामी हसल्या नाहीत. "चपळ आहे हो," त्या म्हणाल्या. "तोही चपळच होता." आणि त्यांनी बोर्ड धरून उभ्या असलेल्या शिपायाकडे बोट केले. "आणि चपळाईचं पुढं काय होतं, ते टेबलाखाली बसलंय."

हसणे असे थांबले की माझ्या पंख्याची घरघरच ऐकू येऊ लागली. कुणीतरी मला बंद केले.

टेबलाखालून मामांचा आवाज आला. "संपलं का?"

तो चपळ पोरगा पुढे आला. त्याने पिस्तूल टेबलावर ठेवले आणि गुडघ्यांवर रांगत तोही टेबलाखाली गेला. "मामा, रिकामं होतं हो," तो म्हणाला.

"माहीत होतं रे," मामा म्हणाले. "मला माहीत होतं. अंगाला कुठं माहीत असतं?"

पोरगा बाहेर निघाला नाही, तसाच बसून राहिला. मामांना सोबत मिळाली. ते त्याला त्या दिवसाची हकीकत सांगू लागले. अर्थात आजोबांच्या केसांपासून. शिकवणारे साहेब घड्याळ पाहू लागले, पण मामींनी त्यांना खुणेनेच गप्प बसवले. सगळा वर्ग हळूहळू जमिनीवर मांडी घालून बसला आणि टेबलाखालून येणारा तो आवाज ऐकत राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने शेवटी सांगायचे असते की आम्हाला जपा, पुसून ठेवा, आपटू नका. मी तसे सांगणार नाही. मला तडा गेला तर दुसरा ड्रायर येईल, कदाचित गुलाबीही येईल. तुमच्यापैकी कुणी उद्या गणवेश घालेल, कुणी फक्त रस्त्याने चालेल. समोरच्या माणसाच्या हातात काही काळे दिसले, तर आधी विचारा, "काय आहे हो हातात?" विचारायला एक श्वास पुरतो. उत्तराला मात्र वेळ लागू शकतो. माणूस घाबरलेला असेल, तोतरा असेल, किंवा अगदी लांबून, कुठल्या तरी आजोबांपासून सुरुवात करणारा असेल. तरी थांबा. त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबा.